पंखावरच्या फळ्या आणि ‘जर-तर’ची गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येकाने आपापल्या क्षेत्रातलं काहीतरी पंधरा मिनिटांत सांगायचं, असं संयोजकांनी ठरवलं. मी सॉफ्टवेअर लिहिते. पण कोड वाचून दाखवला तर तुम्ही जेवणाच्या रांगेत जाऊन उभे राहाल, हे मला माहीत आहे. म्हणून आपण सगळे ज्यात बसतो, त्या विमानाच्या पंखाबद्दल बोलते. शेवटी गाडी सॉफ्टवेअरवर येईलच.

आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आता बंगळुरूला, जर्मनीला, अमेरिकेला आहेत. कितीतरी आईवडील सत्तरीनंतर पहिल्यांदा विमानात बसले. पंखाजवळची खिडकी मिळाली की त्यांचा हमखास प्रश्न असतो : “अगं, पंखाचा तुकडा निखळतोय की काय?” निखळत नाही. त्या हलणाऱ्या फळ्यांवरच विमान चालतं.

आधी पंख काय करतो ते पाहू. पंखाच्या वरून जाणाऱ्या हवेला लांबचा रस्ता असतो आणि तिला खालच्या हवेसोबत पलीकडे पोचायचं असतं, म्हणून ती वेगाने जाते, असं बऱ्याच पुस्तकांत छापलेलं असतं. हे खरं नाही. दोन्ही हवांनी एकत्र पोचायचं, असा काही करार झालेला नसतो. पंखाचा आकार आणि त्याचा तिरपेपणा यांमुळे हवा खाली वळते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते. हा आपला नववीतला न्यूटनचा तिसरा नियम. पंखावरचा दाब खालच्यापेक्षा कमी होतो, तो याच गोष्टीचा दुसरा चेहरा. हे वर उचलणारं बल म्हणजे लिफ्ट. वेग निम्मा झाला की, बाकी सगळं तेच असेल तर, लिफ्ट एक चतुर्थांश होते.

आता फळ्या. आपल्याकडे देशांतर्गत प्रवासात सर्रास भेटणारं एअरबस ए-३२० घेऊ. पंखाच्या टोकाकडे, मागच्या कडेला एक छोटी फळी असते, ती एलेरॉन. डावीकडची वर गेली की उजवीकडची खाली जाते. एका पंखाची लिफ्ट घटते, दुसऱ्याची वाढते आणि विमान कलतं. वळण घ्यायला सायकल जशी कलवावी लागते, तसंच विमानही कलवावं लागतं. कललं की लिफ्टचा काही भाग बाजूला ओढू लागतो आणि विमान वळतं. राइट बंधूंनी १९०३ मध्ये याच कामासाठी अख्खा पंखच दोऱ्यांनी पिळला होता. आज पंख पिळत नाहीत, फळी हलवतात.

मागच्या कडेला, पण विमानाच्या अंगाकडे, मोठे फ्लॅप असतात. उतरायच्या आधी “घुर्रर्र” असा आवाज येतो, तेव्हा ते मागे आणि खाली सरकत असतात. पुढच्या कडेला पाच स्लॅट असतात, तेही पुढे सरकतात. उतरताना वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास आणावा लागतो. एवढ्या कमी वेगात सपाट पंखाला वजन पेलवत नाही. फ्लॅपमुळे पंख मोठा आणि जास्त वाकडा होतो. स्लॅटमुळे हवा पंखाला चिकटून राहते. म्हणून विमान हळू जाऊनही खाली कोसळत नाही.

आता आजच्या गोष्टीचा नायक, स्पॉयलर. पंखाच्या पाठीवर, प्रत्येक बाजूला पाच फळ्या असतात. हवेत त्या थोड्या उघडल्या की वेग आणि उंची कमी करायला मदत होते. एका बाजूच्या उघडल्या तर विमान कलायलाही मदत होते. पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम चाकं जमिनीला लागल्यानंतरचं. त्या क्षणी सगळ्या फळ्या ताडकन उभ्या राहतात. वाटतं, हवा अडवून ब्रेक लावायला. तेवढंच नाही. जमिनीला टेकल्यावरही पंख विमानाला उचलून धरतच असतो, आणि चाकांवर वजन नसेल तर ब्रेक दाबून काय उपयोग? ओल्या रस्त्यावर रिकामी एसटी कशी घसरते, आठवा. स्पॉयलर लिफ्ट मारतात, वजन चाकांवर येतं, मग ब्रेक धरतो.

आता प्रश्न असा : या फळ्या कधी उघडायच्या, हे कोणी ठरवायचं?

५ जुलै १९७०. एअर कॅनडाचं डीसी-८ विमान टोरंटोला उतरत होतं. स्पॉयलरचा दांडा उतरण्याआधी फक्त ‘तयार’ स्थितीत ठेवायचा असतो. सहवैमानिकाने तो ओढला. विमान जमिनीपासून साधारण ६० फुटांवर होतं. त्या विमानात हवेत असतानाही दांडा ओढला की फळ्या उघडायच्या, मध्ये कोणी अडवणारं नव्हतं. लिफ्ट गेली, विमान धावपट्टीवर आदळलं, एक इंजिन तुटून पडलं. कॅप्टनने विमान पुन्हा वर नेलं, पण फुटलेल्या टाकीतून इंधन गळत होतं. काही मिनिटांत पंखात स्फोट झाले. १०९ जण होते, एकही वाचला नाही.

यातला धडा सरळ आहे. विमान जमिनीवर असल्याची खात्री झाल्याशिवाय फळ्या उघडता कामा नयेत. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या ए-३२० मध्ये वैमानिकाचा हुकूम संगणकामार्फतच फळ्यांपर्यंत जातो. तिथे ही खात्री सॉफ्टवेअरने करायची होती.

आता तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. ‘विमान जमिनीवर आहे’ हे संगणकाला कसं कळणार? त्याला डोळे नाहीत. त्याच्यासाठी लिहिलेला नियम साधारण असा होता : जर दोन्ही बाजूंच्या मुख्य चाकांच्या दांड्यांवर प्रत्येकी किमान ६.३ टन भार असेल, किंवा दोन्ही बाजूंची चाकं ७२ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १३३ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने फिरत असतील, तर स्पॉयलर उघडा. इंजिनाचा उलटा जोर मिळायलाही दोन्ही बाजू दबलेल्या असणं आवश्यक होतं. वाचायला किती शहाणा नियम आहे!

१४ सप्टेंबर १९९३. फ्रँकफर्टहून आलेलं लुफ्तान्साचं ए-३२० वॉर्सात उतरत होतं. जोराचा पाऊस होता. आडवा वारा आहे असं कळल्यामुळे वैमानिकांनी वेग थोडा जास्त ठेवला आणि विमान किंचित कलतं ठेवलं. आडव्या वाऱ्यात तसंच करायचं असतं. पण वारा तोवर फिरला होता, तो आता मागून ढकलत होता. उजवं चाक धावपट्टीच्या सुरुवातीपासून ७७० मीटरवर टेकलं. डावं टेकलं १५२५ मीटरवर, ९ सेकंदांनी. मधल्या वेळात दोन्ही बाजूंचा भार नव्हता, आणि साचलेल्या पाण्यावर तरंगणारी चाकं पुरेशी फिरतही नव्हती. संगणकाच्या लेखी विमान हवेतच होतं. धावपट्टी २८०० मीटरची. ब्रेक धरेपर्यंत ती अपुरी पडली. विमान पलीकडच्या मातीच्या बांधावर चढलं आणि पेटलं. ७० जणांपैकी दोघे गेले, त्यांत सहवैमानिक होता.

चौकशीने मुख्य ठपका वैमानिकांच्या निर्णयांवर ठेवला. मात्र विमानाच्या रचनेमुळे थांबण्याची साधनं वेळेवर वापरता आली नाहीत, हेही नोंदवलं.

संगणक बिघडला नव्हता. सांगितलं होतं तेच त्याने तंतोतंत केलं. भूमितीच्या तासाला आपण आधी ‘पक्ष’ लिहायचो, मग ‘साध्य’, मग सिद्धता. सिद्धतेत चूक नसेल, तरी पक्षातच काही राहून गेलं असेल तर साध्य हाती लागत नाही. ‘दोन्ही’ हा एक शब्द लिहिताना, एकच चाक टेकलंय, पाऊस आहे आणि वारा मागून आहे, हे चित्र त्या नियमात मावलं नव्हतं.

यावर “मग सगळं माणसाच्याच हातात द्या” असं कोणी म्हणेल, तर त्याला टोरंटो आठवून द्यावं लागेल. आणि “सगळं यंत्रावर सोडा” म्हणणाऱ्याला वॉर्सा. नियम सैल केला तर फळ्या हवेत उघडण्याची भीती, घट्ट केला तर जमिनीवर न उघडण्याची. दोन्हीकडे माणसं बसलेली असतात. आम्ही लिहितो त्या प्रत्येक ‘जर’मध्ये हा तोल असतो, मग तो बँकेच्या ॲपमधला असो की दवाखान्यातल्या यंत्रातला. म्हणून माझ्याकडे नवीन मुलं येतात तेव्हा मी त्यांना एवढंच विचारते : “ही अट खोटी ठरली, पण प्रत्यक्षात गोष्ट घडलेली असली, तर काय होईल?” गणिताच्या तासाला “उत्तर आलं, पण ताळा केला का?” असं विचारलं जायचं. माझा प्रश्न त्याचाच धाकटा भाऊ आहे.

पुढच्या वेळी आईवडिलांना विमानात बसवाल तेव्हा त्यांना सांगा : उतरताना पंख लांबताना दिसेल, ते फ्लॅप, घाबरू नका. चाकं टेकल्यावर पाठीवरच्या फळ्या उभ्या राहिल्या की समजा, पंखाने आपलं ओझं चाकांकडे सोपवलं. त्या फळ्यांमागे बरीच वर्षं, बरंच डोकं आणि काही माणसांचे जीव खर्ची पडले आहेत.

आणि सर, बाई, ताळा करायची सवय लावलीत, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार.