यानाचं पोट

१ फेब्रुवारी २००३ हा दिवस आपण विसरलेलो नाही. कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी पृथ्वीकडे परतत असताना कोलंबिया या शटल यानाचे तुकडे झाले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या फोमचा एक तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच काही अभियंत्यांना शंका आली, पंखाचे फोटो मिळवा असं त्यांनी सांगून पाहिलं. वरिष्ठांनी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या शटल मोहिमेच्या कमांडर होत्या आयलीन कॉलिन्स. हवाई दलातल्या वैमानिक, काही काळ गणिताच्या प्राध्यापक. शटलचं नेतृत्व करणारी पहिली स्त्री हा मान त्यांना १९९९ सालीच मिळाला होता. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण त्याच मोहिमेत अवकाशात गेली.

मला मात्र त्यांचं मोठेपण दिसतं ते कोलंबियानंतरच्या त्या मोहिमेत, जुलै २००५ मध्ये. अवकाश स्थानकाच्या सुमारे १८० मीटर खाली त्यांनी डिस्कव्हरी यानाला सावकाश एक पूर्ण कोलांटी घ्यायला लावली. शटलनं असं पूर्वी कधीच केलं नव्हतं. हेतू एवढाच, की स्थानकावरच्या दोघा अंतराळवीरांना यानाच्या पोटावरच्या उष्णतारोधक टाइल्सचे फोटो घेता यावेत. टाइल्सच्या फटींतून दोन पट्ट्या बाहेर आलेल्या सापडल्या. सहकारी स्टीव्ह रॉबिन्सन यांनी यानाखाली जाऊन त्या हातानं ओढून काढल्या.

आपल्या हातातल्या कामाची दुखरी बाजू स्वतःहून तपासायला पुढे करायची, आणि जे निघेल ते ऐकून घ्यायचं! एवढं केलं तर हाताखालची माणसं शंका गिळून बसत नाहीत. आपल्याकडे कचेऱ्यांत, रुग्णालयांत, धरणांच्या कामांवर अशा गिळलेल्या शंका किती असतील, या विचारानं मी अस्वस्थ होतो.

डिस्कव्हरीच्या त्या उड्डाणातही फोमचा मोठा तुकडा निखळलाच. सुदैवानं तो यानाला लागला नाही. दोन वर्षांची दुरुस्ती अपुरी ठरली होती. सगळ्या जगाचं लक्ष असताना कॉलिन्स यांनी कक्षेतूनच स्पष्ट सांगितलं, की यावर उपाय होईपर्यंत पुन्हा उड्डाण करू नये. ९ ऑगस्टला सातही जण सुखरूप उतरले. पुढचं शटल उडालं ते ४ जुलै २००६ रोजी.