आंकडे गोळा करण्याचें शिक्षण



माध्यमिक शाळेंतील गणितांत आतां संख्याशास्त्राचा कांहीं भाग असतो. मुलें पुस्तकांतलें कोष्टक घेतात, सरासरी काढतात, आलेख रंगवितात आणि गुण मिळवितात. परंतु तें कोष्टक आलें कोठून, हें बहुधा कोणी विचारीत नाहीं. माझ्या मतें या विषयाचें खरें शिक्षण त्या प्रश्नापासूनच सुरू होतें. तें द्यावें कसें, हें मी आज कांहीं उदाहरणांनीं सांगणार आहें.

वर्गांतील प्रत्येक मुलाला विचारावें, 'तुझ्यासह तुमच्या घरीं मुलें किती?' उत्तरें फळ्यावर मांडावीं. चार उभ्या रेघा आणि पांचवी तिरपी, अशा जुड्या केल्या म्हणजे मोजदाद चुकत नाहीं. मग सरासरी काढून विचारावें, 'गांवांतील घरांत सरासरीनें इतकींच मुलें असतील काय?' वर्ग एका सुरांत 'होय' म्हणेल.

तेव्हां फळ्यावर चार घरें काढावीं. पहिल्या घरांत मूल नाहीं, दुसऱ्यांत एक, तिसऱ्यांत दोन, चौथ्यांत पांच. मुलें एकंदर आठ. म्हणजे घरटी दोन. आतां हींच आठ मुलें शाळेंत आलीं असें समजून त्यांना विचारूं. एक मूल 'एक' सांगेल, दोघें 'दोन' सांगतील, पांच जण 'पांच' सांगतील. बेरीज तीस आणि सरासरी पावणेचार! कोणी खोटें बोललें नाहीं, बेरीजही चुकली नाहीं. तरी उत्तर जवळजवळ दुप्पट आलें. कारण ज्या घरांत मूल नाहीं त्याच्या वतीनें बोलावयास शाळेंत कोणीच नाहीं, आणि चौथें घर मात्र पांच वेळां बोललें.

मोठ्यांचीही हीच गत होते. १९३६ सालीं अमेरिकेंतील 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं सुमारें एक कोटी मतपत्रिका धाडल्या. वीस लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असें भाकीत झालें. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांनीं ४८ पैकीं ४६ राज्यें जिंकलीं. नांवें बव्हंशीं टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेलीं. शिवाय ज्यांना उत्तर द्यावेंसें वाटलें, तेवढेच बोलले.

मग निवड करावी कशी? आपल्या मर्जीनें नव्हे, चिठ्ठीनें. किती मुलें शाळेंत पायीं येतात हें पाहावयाचें असेल, तर फाटकाशीं प्रथम भेटतील त्या चाळिसांना विचारूं नये. हजेरीपटावरील सर्व नांवांच्या चिठ्ठ्या डब्यांत घालाव्या, ढवळाव्या आणि चाळीस उचलाव्या. निवडलेलें मूल गैरहजर असेल, तर शेजारच्याला विचारून काम उरकूं नये. दुसऱ्या दिवशीं त्यालाच गांठावें. जें मूल वारंवार गैरहजर असतें, कदाचित् त्याचीच वाट सर्वांत लांब असेल.

सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज याच तत्त्वावर बसविला. चिठ्ठीच्या न्यायानें गांवें निवडावीं, गांवांतून शेतें, शेतांतून एक तुकडा, आणि त्यांतील पीक कापून तोलावें. तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न वाजवीपेक्षां अधिक दिसतें, हेंही त्यांनीं दाखविलें. कारण कडेवरचीं रोपें मोजणाऱ्याच्या हातून आंत घेतलीं जातात. तेव्हां निवड निर्दोष असली, तरी मापणारा हात तपासावाच लागतो.

राहिलें चित्र. निकाल ७८ टक्क्यांवरून ८२ वर गेला, आणि स्तंभ शून्याऐवजीं ७५ पासून काढले, तर एक स्तंभ ३ घरें आणि दुसरा ७ घरें उंच होतो. चार टक्क्यांची वाढ दुपटीहून मोठी भासते! दोन्ही चित्रें मुलांकडून शेजारीं शेजारीं काढवून घ्यावीं. मग जाहिरातींतील आलेख तीं निराळ्या नजरेनें पाहूं लागतात.

पालकांना एक विनंती. वर्तमानपत्रांत एखादा टक्का वाचलात, कीं मुलाला एवढेंच विचारा : 'हें कोणाला विचारलें असेल, आणि कोणाला विचारावयाचें राहिलें असेल?' उत्तर लगेच येणार नाहीं. परंतु न विचारलेल्या माणसाची आठवण ठेवावयास जें मूल शिकलें, त्याच्या हातीं पुढें गांवाचा हिशेब निर्धास्तपणें सोंपवावा.