लांबलेला रोजा

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. माझे आजोबा हजला बोटीने गेले, तेव्हा बारा-पंधरा दिवस लागत. निरोप देणारे धक्क्यावर 'कहा-सुना माफ' म्हणत रडत. ती बोटीची वाट १९९५ साली बंद झाली.

२०२४च्या रमजानमध्ये मी अम्मीला उमऱ्याला नेलं. विमान दुपारी चारचं. अम्मीचं वय ७८, त्यात मधुमेह. प्रवासात रोजा न धरण्याची मुभा आहे, नंतर भरून काढता येतो. पण ऐकेल तर ती अम्मी कसली!

मनगटावर मुंबईचे सात वाजले. तिकडे घरी इफ्तार उरकला असेल, इथे खिडकीत सूर्य तसाच! आम्ही पश्चिमेला, त्याच्याच मागे धावत होतो. जेद्द्याचं घड्याळ आपल्याहून अडीच तास मागे, हे मी तिकीट काढताना विसरलोच होतो.

आठ वाजले. अम्मीच्या हातातला खजूर थरथरू लागला. मी पाणी पुढे केलं. तिने मानेनेच नाही म्हटलं.

नऊच्या सुमारास सूर्य एकदाचा बुडाला. अर्धा खजूर माझ्या हातावर ठेवत ती म्हणाली, "माझ्या अब्बांना जेद्दा दिसायला तेरा दिवस लागले होते, बेटा. मला दोन तास जड होते होय?"