विहीणबाईंची भाषा

(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही काही भाषापंडित नव्हे. सारी हयात कचेरीत हिशेब तपासण्यात गेली. तथापि उतारवयात स्पॅनिश कशी शिकलो हे सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून उभे आहोत.

आमच्या चिरंजीवांचा विवाह २०२२ साली स्पेनमधील सालामांका येथील मुलीशी झाला. सोयरीक ज्ञातीबाहेरची, नव्हे, खंडाबाहेरची! आपणांपैकी काहींना ती रुचली नाही. खरे सांगावयाचे तर प्रथम आम्हांसही जड गेली. लग्नात विहीणबाई आणि आमची सौभाग्यवती शेजारी बसून नुसत्या हसत राहिल्या. पुढे सूनबाई पुण्यास येऊन चुकतमाकत मराठी बोलू लागली. तिने आमच्यासाठी जे केले, ते आम्ही तिच्या आईसाठी करू नये काय?

६०व्या वर्षी पुण्यातच एका वर्गात नाव घातले. सहाध्यायी सारे मुलांच्या वयाचे. खरी अडचण स्मरणशक्तीची नव्हती, संकोचाची होती. तो सुटला, तेव्हाच विद्या सुरू झाली. मग मराठीच साहाय्यास धावली. 'मला कॉफी आवडते' याला तेथे 'मे गुस्ता एल काफे' म्हणतात. तेथेही क्रियापद चालते ते कॉफीच्या अनुरोधाने. आपल्या 'तू' आणि 'आपण'प्रमाणे त्यांचे 'तू' आणि 'उस्तेद'. आपला साबण तेथे 'खाबोन' होऊन भेटला. 'असणे' यासाठी मात्र 'सेर' आणि 'एस्तार' अशी दोन क्रियापदे. ढोबळमानाने एक स्वभावाचे, दुसरे स्थितीचे. नियम वहीत उतरला, जिभेवर उतरेना.

२०२४ साली आम्ही उभयता सूनबाईसह ६ आठवडे सालामांकास राहिलो. तेथील विद्यापीठ १२१८ सालचे; नेब्रिखाचे कास्तिलियन भाषेचे व्याकरणही १४९२ साली तेथेच छापले गेले. सकाळी वर्ग, उरलेला दिवस व्याह्यांच्या घरी. एकदा बाहेर निघताना विहीणबाईंनी विचारले, "तयार आहात ना?" 'एस्तोय लिस्तो', म्हणजे 'तयार आहे', असे म्हणावयाचे, तेथे आम्ही ठणकावून 'सोय लिस्तो', म्हणजे 'मी हुशार आहे', असे सांगितले! सारे घर हसले, आम्हीही हसलो; पण तो नियम पुन्हा विसरलो नाही. वर्गात व्याकरण मिळाले. ते मुरले मात्र स्वयंपाकघरात आणि बाजारात.

परतण्याच्या आदल्या दिवशी सूनबाई बाहेर गेली होती. मध्ये दुभाषी कोणी नव्हते. विहीणबाई सावकाश बोलू लागल्या. लेक इतक्या दूर, अनोळखी माणसांत गेली, आजारपणात तिच्या उशाशी कोण बसेल, या विचाराने त्यांना रात्र रात्र झोप येत नसे. शब्द सगळे उमगले नाहीत, काळजी उमगली. तुटपुंज्या स्पॅनिशमध्ये आम्ही एवढेच म्हणालो, "ती आमचीही मुलगी आहे." विहीणबाईंनी सौभाग्यवतीचा हात हाती घेतला, तो बराच वेळ सोडला नाही.

बंधुभगिनींनो, आपली मुले आज देशोदेशी आहेत. त्यांनी जोडलेली सोयरीक आपणांस रुचो वा न रुचो, सोयऱ्यांशी अबोला मात्र नसावा. त्याला वयाची सबब पुरणार नाही.