कोटितीर्थाच्या काठी



चित्रकलेवर बोलायला कामगार संघटनेचा माणूस कशाला, असे आपल्याला वाटले असेल. परंतु कोल्हापूरचे आबालाल रहिमान ज्या कोटितीर्थाच्या काठी राहिले, त्याच परिसरात १९०६ साली शाहू महाराजांनी कापडगिरणीचा पाया घातला. म्हणजे विषय आमच्या हद्दीतला आहे!

आबालाल मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, पुढे महाराजांचे दरबारी चित्रकार झाले, आणि १९३१ साली वारले. तळ्यांच्या त्या जुन्या शहरातले रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. जलरंगातले तेज पाहून आम्ही प्रथम समजलो की, पांढरा रंग फार भारी असावा. तसे नव्हे. पारदर्शक जलरंगात पाण्यावरची चकाकी म्हणजे न रंगविलेला कागद. तो आधीपासून राखावा लागतो. आभाळ कागद ओला असतानाच उतरवायचे. ओल कमी पडली की कडा उमटते, जास्त झाली की रंग पसरतो, आणि खरवडून पुन्हा करण्याची सोय नाही. आमच्या नगरची विडी वळणारी बाई हे ताबडतोब ओळखील. पान किती भिजवावे यावरच तिची मजुरी असते.

पण सांजवेळचा तो उजेड पाहायला सवड कोणाला होती? गिरण्यांच्या दातेरी छपरांतून प्रकाश येई तो सुतासाठी. ब्रिटिश हद्दीतसुद्धा १९११ च्या कायद्याने पुरुषाचा दिवस १२ तासांचा ठरला. ४८ तासांचा आठवडा यायला १९४६ साल उजाडले. आबालाल जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती.

१९२२ साली महाराज वारल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थात सोडून दिली, असे सांगतात. लोक ही गोष्ट वैराग्याची म्हणून कौतुकाने सांगतात. आम्हांला ते कौतुक पटत नाही. महाराज मोठ्या मनाचे होते, यात शंका नाही. पण एकाच आश्रयदात्यावर कारागिराचा संसार उभा असला, तर तो गेल्यावर काय उरते, हे आम्ही पुष्कळ घरांत पाहिले आहे.

गिरणीचा भोंगा थांबला. कोल्हापूरला गेलात तर टाऊन हॉलच्या संग्रहालयात आबालालांची चित्रे पाहा. घाई करू नका. पाण्यात कागद कोठे कोरा राखला आहे, तेवढे शोधा.