गुरुजी थकतात ते कशाने?

शनिवारची सकाळची शाळा उरकून मिळेल त्या एसटीने या परिषदेला पोहोचलेल्या शिक्षक बंधू-भगिनींनो, ‘माहिती तातडीने भरा’ असे सांगणारे व्हॉट्सॲप गट दोन तास गप्प ठेवायला स्वागत समितीची पूर्ण परवानगी आहे.

१९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची जी अवस्था टिपली, तिला त्याने ‘बर्नआउट’ म्हटले. जीव ओतून काम करणारेच त्यात आधी सापडत होते. पुढे मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लाक यांनी तिची तीन लक्षणे मांडली: मन रिते होणे, समोरच्या माणसाविषयी कोरडेपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. यातले दुसरे लक्षण शाळेत सर्वांत महाग पडते, कारण समोर मूल असते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न मानता त्याचा संबंध कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशी जोडला.

तेव्हा आधी कामाकडेच पाहावे. चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग दुसऱ्या बाईंच्या गळ्यात. त्यात पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब, यू-डायस या शासकीय नोंदणीसाठी शाळेची माहिती आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) असतील तर मतदारयादी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक एवढीच शिक्षणेतर कामे शिक्षकाला सांगण्याची मुभा दिली आहे. याच कायद्याने आठवड्याला किमान ४५ तास ठरवताना पाठाची तयारी त्यांतच धरली. ही तयारी प्रत्यक्षात रात्री घरी होते, तीही झालीच तर.

शिक्षणसेवकांची गोष्ट आणखी वेगळी. तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकला ते २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झाले. घरापासून दूर खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्याला ताण कशाचा, हे विचारावे लागू नये.

अशा वेळी तणावमुक्तीचे आणखी एक प्रशिक्षण, तेही सुट्टीच्या दिवशी, म्हणजे थट्टाच! ज्यांना झोप येत नाही, शाळेच्या नावानेच छातीत धडधडते, त्यांनी मात्र मदत घ्यायला थांबू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येकाने गेल्या आठवड्यातली आपली कामे कागदावर उतरवावीत आणि शिकवण्याचे तास वेगळे दाखवावेत. ते कागद परिषदेच्या ठरावासोबत शिक्षण विभागाकडे पाठवावेत, अशी स्वागत समितीची विनंती आहे.