गाडीचे तिकीट : इथले आणि तिथले

(ज्येष्ठ सभासदांच्या जुलै महिन्यातील सभेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रामबागेतली, लोकमान्य नगरातली मुले आता पुण्या-मुंबईपाशी थांबत नाहीत. म्युनिक, स्टुटगार्ट, झुरिच, लंडन ही नावे आपल्या घरांत विजयनगर-पलासियासारखी सहज येतात. मुले प्रेमाने बोलावतात, व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो आणि आपण चकली-चिवड्याचे डबे घेऊन निघतो. पुढे काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सोमवार ते शुक्रवार मुलगा-सून कामावर, नातू शाळेत आणि आपण खिडकीशी. फिरायचे ते शनिवार-रविवार, त्यांच्या सवडीने. स्टेशन दहा मिनिटांवर असते, गाड्या तासातासाला असतात, गुडघेही बऱ्यापैकी साथ देत असतात. तरी आपण एकटे निघत नाही. कारण विचारले तर बहुतेकांचे एकच असते: तिथल्या तिकिटाचे काही समजत नाही, आणि दंड झाला तर सुनेपुढे शोभा होईल.

म्हणून आज आम्ही दोघांनी तिकीट हा विषय घेतला आहे. पण आधी आपले इथले तिकीट नीट पाहू. तिथला घोटाळा इथल्या सवयीतूनच होतो.

आपल्याकडे भाडे ठरते अंतरावर आणि डब्याच्या वर्गावर. अवंतिका एक्सप्रेस उज्जैन, रतलाम, बडोदा, सुरत असा वळसा घेऊन मुंबई सेंट्रलला पोहोचते. अंतर ८२९ किलोमीटर. आग्रा रोडने सेंधवा, धुळे, नाशिक करत गेलो तर मुंबई सहाशेच्या आसपास आहे. म्हणजे गुजरातच्या वळशाचे पैसेही आपणच भरतो. १ जुलै २०२५ पासून एसीच्या भाड्यात किलोमीटरला २ पैसे वाढले. ते आपल्याला मुंबईसाठी साधारण साडेसोळा रुपयांना पडतात, त्यातले चार-साडेचार रुपये निव्वळ वळशाचे. आपल्या वडिलांच्या पिढीत लोक मीटरगेजने खांडव्याला जाऊन मुंबईची गाडी धरत. ती खांडवा लाइन व्हावी म्हणून तुकोजीराव होळकर दुसरे यांनी इंग्रज सरकारला १ कोटी रुपये १०१ वर्षांच्या बोलीने, साडेचार टक्के व्याजाने दिले होते. इंदूरकरांना त्याबद्दल भाड्यात सूट मात्र कधी मिळाली नाही! आता इंदूर-मनमाड लाइनला २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आहे. ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. ती झाली की अंतर कमी होईल आणि अंतराबरोबर भाडेही. आपल्या पद्धतीतला हा सरळपणा आम्हाला आवडतो. दोन महिने आधी काढा की आठ दिवस आधी, तत्काळ सोडले तर साध्या मेल-एक्सप्रेसचे भाडे तेच. लवकर काढल्याने जागा मिळते, पैसे वाचत नाहीत.

सूट मिळायची ती माणूस पाहून. पुरुषाला ६० नंतर ४० टक्के, स्त्रीला ५८ नंतर ५० टक्के. मार्च २०२० मध्ये करोनाच्या वेळी ती थांबली, ती अजून सुरू झालेली नाही. रेल्वेचे म्हणणे असे, की प्रत्येकच प्रवाशाचे भाडे खर्चापेक्षा बरेच कमी आहे, म्हणजे सूट सगळ्यांनाच आहे. संसदेच्या स्थायी समितीने निदान स्लीपर आणि थ्री एसीत तरी ज्येष्ठांच्या सवलतीचा विचार करावा, असे सुचवले होते. आमचे मत समितीकडे झुकते. टू एसीतून जाणाऱ्याला सवलत नसली तरी चालेल. पण पेन्शन नसलेली, पुण्याच्या मुलीकडे वर्षातून तीनदा जाणारी बाई आता एकदाच जाते, हे आपण आपल्याच गल्लीत पाहतो.

जे शिल्लक आहे ते मात्र पुष्कळांना माहीत नसते. दिव्यांगांचे ४, रुग्णांचे ११ आणि विद्यार्थ्यांचे ८ प्रकार अजून सवलतीत आहेत. इंदूरहून कितीतरी कुटुंबे कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईला फेऱ्या घालतात. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण भाडे माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सूट असते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. ओळखीत कुणी असेल तर एवढे आजच सांगा. दुसरे, खालच्या बर्थचा कोटा. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांना तो मिळू शकतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. नातेवाइकांबरोबर सहा जणांचे तिकीट काढले की हा कोटा निवडताच येत नाही, आणि मग आजी वरच्या बर्थखाली उभी राहून टीसीची वाट पाहतात.

आता युरोपकडे.

आपल्या आरक्षित तिकिटात तीन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: प्रवासाचा हक्क, बसायची जागा आणि असेल तर सूट. तिथे या तिन्ही सुट्या मिळतात. जर्मनीत म्युनिकहून बर्लिनचे तिकीट काढले, तर त्यात आसन नसते. आसन हवे तर वेगळे पैसे. नको असेल तर गाडीत चढायचे, आसनाजवळची पाटी पाहायची, आणि कुणाच्या नावाची नोंद नसेल तिथे खुशाल बसायचे. आपल्या जनरलचे आणि रिझर्व्हेशनचे प्रवासी एकाच डब्यात बसलेत, असे समजा. फ्रान्सची टीजीव्ही किंवा इटलीची वेगवान गाडी मात्र आपल्यासारखी: आसनाचा क्रमांक असलाच पाहिजे.

भाड्याचे म्हणाल, तर तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मुख्य प्रश्न हा, की तुम्ही किती बांधून घ्यायला तयार आहात. जर्मनीत एकाच गाडीचे, एकाच वर्गाचे, एकाच दिवशीचे तिकीट दोन शेजाऱ्यांनी दोन भावांत घेतलेले असते. एकाने ‘फ्लेक्सप्राइस’ घेतलेले असते. पूर्ण भाडे, पण त्या दिवशी कुठलीही गाडी धरा. दुसऱ्याने ‘स्पारप्राइस’ घेतलेले असते. आधी काढलेले, स्वस्त, पण ठरलेल्याच गाडीचे. त्यातला सर्वांत स्वस्त प्रकार रद्द केला तर पैसे परत मिळत नाहीत. जसजशी स्वस्त तिकिटे संपतात तसतसा भाव चढतो. हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. राजधानी, शताब्दी, दुरांतोमध्ये सप्टेंबर २०१६ पासून दर दहा टक्के जागा भरल्या की भाडे दहा टक्क्यांनी चढवण्याची पद्धत आलीच आहे. विमानात तर ती केव्हापासून आहे. युरोपातल्या रेल्वेने ती मनापासून स्वीकारली, एवढाच फरक.

इथे ज्येष्ठांचा एक फायदा आहे आणि एक धोका. फायदा असा, की आपल्याजवळ दिवसांची श्रीमंती आहे. मंगळवारी दुपारी जायचे की बुधवारी, याने आपले काही बिघडत नाही. नोकरदार मुलगा शुक्रवारी संध्याकाळचे महाग तिकीट घेतो, आपण मंगळवार दुपारचे स्वस्त घेऊ शकतो. धोका असा, की तब्येत सांगून बिघडत नाही. बांधलेल्या तिकिटाला तुमचे ब्लडप्रेशर कळत नाही. म्हणून आमचा शिरस्ता असा: पैसे बुडाले तरी चालतील, अशाच फेरीचे सर्वांत स्वस्त तिकीट घ्यायचे. विमानतळाकडे जायच्या दिवशी, किंवा लग्न-मुंजीला पोहोचायचे असेल तेव्हा, चार युरो जास्त देऊन सुटे तिकीट घ्यायचे.

एक दिलासा आहे. उशीर गाडीमुळे झाला तर बंधन सुटते. जर्मनीत ठरलेल्या ठिकाणी २० मिनिटे किंवा जास्त उशिरा पोहोचणार असे दिसले, तर स्पारप्राइसवाल्यालाही दुसरी गाडी धरता येते. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तासाभराच्या उशिराला भाड्याचे २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के परत मागता येतात, निसर्गकोपासारखे अपवाद सोडून. मागावे लागतात हे लक्षात ठेवा. आपण ‘जाऊ दे’ म्हणतो आणि सोडून देतो.

जर्मनीत राहणाऱ्यांकडे आणखी एक वस्तू असते, डॉइचलांडटिकेट. मे २०२३ मध्ये ४९ युरोत सुरू झाले, २०२५ मध्ये ते ५८ युरोंना होते. महिनाभर देशभरातल्या शहरबस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या, सगळे त्यात आले. वेगवान आयसीई आणि आयसी त्यात येत नाहीत. मुलाकडे राहून रोज बाहेर पडू इच्छिणाऱ्या आईवडिलांना याहून सोयीचे काही नाही. म्युनिकहून त्यावर फ्युसेनला जाऊन डोंगरातला तो प्रसिद्ध राजवाडा पाहा, गार्मिशला जा, सीमा ओलांडून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनापर्यंतही प्रादेशिक गाडीने जाता येते. गाडी चुकली तर पुढची. मात्र महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. २० तारखेला घेतले तर दहाच दिवस मिळतात. ते आपोआप पुढे चालू राहते. पुढच्या महिन्यात नको असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करायचे. पैसे मुलाच्या खात्यातून जाऊ देत, पण नाव आपले हवे, पासपोर्टावर आहे तसेच. सुनेचे तिकीट सासूला चालत नाही. नात्यात काहीही चालत असो, टीसीसमोर नाही!

स्टेशनावर दार नाही, कुणी अडवत नाही, म्हणून तिकीट लागत नाही असा समज होतो. तपासनीस गाडीत येतो, आणि जर्मनीत विनातिकीट सापडले तर शहरी आणि प्रादेशिक गाड्यांत ६० युरो ठरलेले. इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट घेऊन चढण्याआधी प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात घालावे लागते. त्यावर तारीख-वेळ छापून येते. तसे केले नाही तर खिशात पैसे देऊन घेतलेले तिकीट असूनही दंड होतो. ओळखीतल्या एका जोडप्याला तो भरावा लागला आणि उरलेला आठवडा त्यांनी घरातच काढला. दंडापेक्षा तो आठवडा महाग पडला, असे आम्हाला वाटते.

स्वित्झर्लंडबद्दल थोडेच. तिथे पाहुण्यांसाठी महिन्याचे अर्ध्या भाड्याचे कार्ड मिळते. सगळे ट्रॅव्हल पासच्या मागे धावतात, पण आपल्या मंडळींना जायचे असते युंगफ्राऊयोखला. तिथे वरच्या टप्प्याला पासवर २५ टक्के सूट आहे, अर्ध्या भाड्याच्या कार्डावर ५० टक्के. झुरिचला मुलाकडे राहून तीन-चार सहलीच करायच्या असतील तर कार्डाचा हिशेब आधी मांडावा.

लंडनवाल्यांसाठी दोन कार्डे आहेत: साठीनंतरचे सीनियर रेलकार्ड आणि ‘टू टुगेदर’. दोन्हींवर एक तृतीयांश सूट. दुसरे जोडीने प्रवास करणाऱ्या दोघांच्या नावाचे असते. दोघे बरोबर असतील तरच चालते, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी नाही. त्यामुळे भांडून वेगवेगळ्या डब्यांत बसण्याची सोय नाही. तिथली आणखी एक गंमत: लांबचे तिकीट मधल्या स्टेशनावर तोडून दोन तिकिटे काढली तर कधीकधी स्वस्त पडते. आपल्याकडे उलट. अंतर वाढते तसा किलोमीटरचा दर उतरतो, म्हणून इंदूर-मुंबईचे तिकीट बडोद्याला तोडले तर जास्त पैसे जातात.

राहिला पास. युरोपाबाहेर राहणाऱ्यांना युरेल, तिथे राहणाऱ्यांना इंटररेल. म्हणजे भारतीय पासपोर्ट असलेला पण जर्मनीत राहणारा मुलगा इंटररेल घेणार आणि आपण युरेल. एका गाडीत, दोन पास. युरेलमध्ये साठीवरच्यांना १० टक्के सूट आहे. वयाचा तेवढा मान राखला आहे. पण पास म्हणजे प्रवासाचा हक्क, आसन नाही. फ्रान्स, इटली, स्पेनच्या वेगवान गाड्यांत आसनाचे पैसे वर द्यावे लागतात. पंधरा दिवसांत पाच देश करणाऱ्याला पास परवडेल. मुलाच्या घरी राहून आजूबाजूला फिरणाऱ्याला क्वचितच. इथून निघण्याआधी घाईने पास घेऊन ठेवू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगू.

या वर्षी ज्यांचे जाणे ठरले आहे, त्यांनी पुढच्या शनिवारी संध्याकाळी पाचला याच सभागृहात यावे. मुलांनी पाठवलेले तिकीट मोबाइलवर असेल ते दाखवा. त्यावर गाडीचा क्रमांक छापला आहे का, आसन आहे का, नाव पासपोर्टाशी जुळते का आणि रद्द करता येते का, एवढे एकेकाचे वाचून पाहू. चष्मा विसरू नका.